हाफिजसाहेबांची टकटक

घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा साठतात? एक ठेवली की तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर! किस्स्यांचंही तसंच आहे. कुणी ठरवून जमवत नाही. मी रोज संध्याकाळी घरी आलो की बायको विचारते, "आज काय झालं मदरशात?" मी म्हणतो, "काही नाही." आणि मग चहा निवेपर्यंत सांगत बसतो.

आधी ओळख देतो. मी वाघमारे सर. सकाळी मराठी-तेलुगू सीमेवरच्या बोथच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवतो, आणि दुपारी तीन ते पाच गावाबाहेरच्या मदरशात. तिथे चाळीसेक पोरं राहतात आणि कुराण पाठ करतात. अख्खं! सहाशेच्या वर पानं, काना-मात्रा न चुकता. सोबत त्यांनी ओपन स्कूलची दहावीही द्यावी असं तिथल्या कमिटीला वाटलं, म्हणून गणित आणि इंग्रजीसाठी मला बोलावलं. आम्ही बौद्ध. बुद्धपौर्णिमेला आमची खीर मदरशात जाते आणि ईदला त्यांचा शिरखुर्मा आमच्याकडे येतो. या देवाणघेवाणीत मी कायम फायद्यात आहे!

*

पहिल्या दिवशी मी दारातच थबकलो. चाळीस पोरं, चाळीस वेगवेगळी पानं, आणि सगळे एकदम मोठ्यानं! मी शाळेतला माणूस. आमच्याकडे असा आवाज आला की हेडमास्तर छडी घेऊन धावतात.

आणि या गोंगाटात एका बुटक्या लांब बाकाशी या पोरांचं पाठांतर घेणारे उस्ताद, हाफिजसाहेब, शांत बसलेले. साठी ओलांडलेली, पांढरी दाढी, डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपले. त्यांच्यापुढे तीन पोरं मांडी घालून, पुढेमागे डुलत, एकाच वेळी तीन वेगवेगळे धडे म्हणून दाखवत होती. तेवढ्यात हाफिजसाहेबांचं बोट बाकावर वाजलं. टक!

मधला पोरगा थांबला, मागे गेला, परत म्हणायला लागला. बाकीचे दोघे मात्र तसेच पुढे.

ही टकटक म्हणजे तिथली भाषाच. एक टक, चुकलास, मागे जा. दोन टक, पान पहिल्यापासून. तीन टक, ऊठ, नीट पाठ करून ये. चूक कोणती, हे हाफिजसाहेब तोंडाने कधीच सांगत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "म्या सांगतलं तर मले पाठ व्हईन, मास्टर साब. त्याले काऊन व्हईन?"

हाफिजसाहेब तामसीकडच्या खेड्यातले. पोरांना उर्दूत शिकवतात, पण माझ्याशी थेट आमच्या बोलीत. मी म्हटलं, "ते झालं. पण तीन पोट्टे एकदम म्हणून राह्यले होते. टक एकच. मग मधल्यालेच कसं कळलं का आपल्यासाठी आहे?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"मास्टर साब, जो चुकला त्यालेच ते ऐकू येते!"

*

आता या पोरांची पाठांतराची सवय माझ्या गणिताला कशी नडली, ते ऐका.

जुनैद म्हणून एक सोळा वर्षांचा पोरगा, बाजारहत्नूरचा. अख्ख्या मदरशात सगळ्यात तल्लख, आणि तितकाच अर्क. त्याला मी पाण्याच्या टाकीचं गणित दिलं. एक नळ टाकी इतक्या तासांत भरतो, दुसरा तितक्या तासांत, दोन्ही सुरू केले तर किती वेळ? म्हटलं, "उद्या करून आण."

दुसऱ्या दिवशी जुनैद समोर बसला, डोळे मिटले, डुलायला लागला आणि सुरू झाला. गणित म्हटलं. त्याच्या खालचं गणितही म्हटलं. मग "आकृती नंबर तीन देखो" म्हटलं. मग पानाचा नंबर म्हटला, आणि पान उलटून पुढचा अख्खा स्वाध्याय! उपप्रश्नांसकट! मी हात जोडले तेव्हा कुठे थांबला.

मी म्हटलं, "बाबू, शाबास. पण उत्तर किती?"

जुनैद गोंधळला. "सर, उत्तर तो किताब के आखिर में है. वो सबक आप दिए कहाँ?"

सबक म्हणजे त्या दिवशीचा नवा धडा. म्हणजे चूक माझीच! मी धडा नेमूनच दिला नव्हता.

*

दुसरा नमुना मोईन. बारा वर्षांचा, सुपारीएवढा, पण डोळे भारी मोठे.

इंग्रजीची चाचणी होती. मी वर्गात फेऱ्या मारत होतो. पाहतो तर मोईन सारखा वर बघतोय. छताच्या डाव्या कोपऱ्यात बघायचा, खाली लिहायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी वीस वर्षं मुरलेला मास्तर. मनात म्हटलं, वर चिठ्ठी चिकटवली पठ्ठ्यानं! खुर्ची ओढली, तिच्यावर चढलो आणि तो कोपरा तपासला. एक पाल होती. तिला इंग्रजी येत असावं असं वाटलं नाही.

मी खुर्चीवरच उभा. खालून मोईनचा आवाज आला, "सर, जरा बाजू हटो ना. मेरा पन्ना आपके पीछे है!"

मग हाफिजसाहेबांनी मला समजावलं. ही पोरं पहिल्यापासून एकाच छापाच्या प्रतीवरून पाठ करतात. पंधरा ओळींचं पान, कोणती ओळ कुठे संपते ते कायमचं ठरलेलं. त्यामुळे त्यांना नुसते शब्द आठवत नाहीत, अख्खं पान दिसतं. डाव्या पानावरचं असलं की डावीकडे बघतात. खालची ओळ असली की मान आपोआप खाली जाते.

तेव्हापासून परीक्षेत मी मोईन आणि छताच्या मध्ये कधी येत नाही.

*

हाफिजसाहेबांचं उर्दू मोठं गोड. रागावले तरी "मियाँ, आप जरा मेहनत करो" असं म्हणतात. त्या उर्दूला पोरं घाबरत नाहीत. पण राग खरा आला की त्यांचं उर्दू संपतं आणि तामसीची मराठी सुरू होते! "बह्याडा! कालपासून काय करून राह्यला तू?"

काही पोरं निर्मलकडची, घरी तेलुगू बोलणारी. त्यांना मराठीतलं ओ की ठो कळत नाही. पण 'बह्याडा' ऐकलं की सगळ्यात आधी तीच टोपी सावरून सरळ बसतात.

त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "सर, बह्याड मतलब?"

आता बह्याड म्हणजे मूर्ख. पण लेकराचं मन कशाला मोडा! मी म्हटलं, "हुशार. एकदम हुशार माणूस."

पुढच्या महिन्यात त्याचे वडील भेटायला आले. पोरगा त्यांना हाताला धरून हाफिजसाहेबांपुढे घेऊन गेला आणि अभिमानाने म्हणाला, "हजरत, ये मेरे अब्बा. हमारे गाँव में इनसे बडा बह्याड कोई नई!"

हाफिजसाहेबांनी त्या माणसाला चहा पाजला. मग माझ्याकडे पाहून बाकावर बोट वाजवलं. तीनदा!

*

शुक्रवारी नमाजनंतर घरून फोन यायचे. पोरांकडे मोबाईल नाहीत. सगळे फोन हाफिजसाहेबांच्या मोबाईलवर. प्रत्येक पोराला तीन मिनिटं. आणि स्पीकर सुरू, आवाज पूर्ण.

त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय ते अख्ख्या मदरशाला माहीत. कुणाची बकरी व्याली, कुणाच्या बहिणीला पाहायला कोण आलं, सगळं! जुनैदची आई तर बाजारहत्नूरहून फोनशिवाय बोलली असती तरी बोथला ऐकू आलं असतं. एका शुक्रवारी चाळीस पोरं, स्वयंपाकी आणि मी असे सगळे बसलेलो असताना ती कडाडली, "जुनैद! अंदर के कपडे रोज बदलता ना रे तू?"

मदरसा असा हसला की काय सांगू! जुनैद कानापर्यंत लाल. "हौ अम्मी" म्हणाला आणि पळाला.

मी हाफिजसाहेबांना म्हटलं, "आवाज कमी करत जा ना जी. पोट्ट्यांची इज्जत जाते."

ते म्हणाले, "आं?"

मी पुन्हा म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग हसले आणि म्हणाले, "हाव, हाव. जुना मोबाईल आहे."

मोबाईल नवा होता. मागच्याच ईदला पोरांच्या पालकांनी मिळून दिलेला. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी स्वतःला हुशार समजतो. बह्याडासारखा.

*

प्रकाश पाडला जुनैदने. एक दिवस वर्गानंतर थांबला. "सर, एक बात बोलूँ? हजरत को सुनाई बराबर नई आरा."

"तुले कसं माहीत?"

"आठ दिन मैं एक जगह गलत पढा. मुद्दाम. खटखटाए नई."

आणि मग सगळंच सांगितलं लेकाने. पहिले आठ दिवस पोरांना आकाश ठेंगणं झालं होतं! कच्चा धडा घेऊन जायचं, धडधडीत म्हणायचं आणि पास होऊन यायचं. नवव्या दिवशी, म्हणजे त्याच दिवशी सकाळी, हाफिजसाहेबांनी मात्र एकामागून एक पाच जणांना पकडलं. कान नाही तर नाही, त्यांचे डोळे होते ना! आताशा ते डोळे उघडे ठेवून ऐकायला बसत. आणि पाठांतर कच्चं असलं की पोराचं डुलणं अडखळतं. अठ्ठावीस वर्षं पोरं पाहिलेला माणूस. "तू यहाँ झूलना कायकू रोका? जा, वापस याद कर!"

दहाव्या दिवशी पोरांनी उपाय काढला. काही झालं तरी डुलणं थांबवायचं नाही! त्या दुपारी मी गेलो तर चाळीसच्या चाळीस पोरं अंगात आल्यासारखी घुमत होती. एकाची टोपी उडून पाण्याच्या माठात पडली. हाफिजसाहेबांनी सगळ्यांकडे एकदा शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, इतना तो आँधी में बबूल भी नई हिलता."

आणि दोनदा टक. सगळ्यांना. पान पहिल्यापासून!

*

त्या दिवशी हाफिजसाहेब माझ्यासोबत फाटकापर्यंत चालत आले. इथे मात्र मला हसू आलं नाही.

"मास्टर साब, तुमालेबी समजलं असंन. आवाज येते मले. अक्षर येत नाही."

मी म्हटलं, "मग मशीन लावा ना कानाले. आजकाल छोट्या छोट्या भेटतात."

"मशीन दिसते ना! दिसली का कमिटी म्हणन, हाफिजसाब, आता आराम करा." त्यांनी फाटकाची कडी काढली. "शिकवणारे ढीगभर भेटतात. इथं ऐकणारा लागते. ऐकणं हेच माझं काम. थेच गेलं तर तामसीले भावाच्या वसरीत बसून काय करू?"

मग स्वतःच म्हणाले, "अन् एकाही पोट्ट्याचं चुकीचं पाठ झालं तर थेबी माझ्याच डोक्यावर." त्यांना झोप लागत नव्हती ती याच काळजीने. नोकरीपेक्षा ही काळजी मोठी होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. गणितात याला उत्तर नव्हतं, ना पानावर, ना पुस्तकाच्या शेवटी.

तोडगा त्यांनीच काढला. दुसऱ्या दिवसापासून जोड्या लावल्या. प्रत्येक पोराने आधी आपल्या जोडीदाराला म्हणून दाखवायचं, जोडीदाराने प्रत उघडून तपासायचं, आणि मग हाफिजसाहेबांपुढे यायचं. कारण काही सांगितलं नाही. पोरांनी विचारलंही नाही.

*

पोरं वात्रट खरी, पण त्यांचं काळीज जागेवर होतं. पुढे पंधरा-वीस दिवसांनी मी जे पाहिलं ते आठवलं की अजून हसू येतं.

मोईन हाफिजसाहेबांपुढे बसून म्हणत होता. डुलणं सुरू. मध्येच थांबला. जीभ चावली. हाफिजसाहेबांचं बोट स्वस्थ होतं. मोईनने इकडेतिकडे पाहिलं, हात पुढे केला आणि स्वतःच बाकावर वाजवलं, टक! मग मागे जाऊन दुरुस्त करून पुढे निघाला.

हाफिजसाहेबांच्या भुवया वर गेल्या. मग ते गंभीरपणे म्हणाले, "मैं वोइच खटखटाने वाला था."

"हौ हजरत," मोईन म्हणाला. "आपका हाथ निकलाच था, मैंने देखा!"

त्या दिवसापासून हा रिवाजच पडला. चुकला की पोरगा स्वतःच स्वतःला टक करायचा. एकाने तर स्वतःला तीन टक दिले, उठला, आणि परत पाठ करायला निघून गेला! माझ्या शाळेत असा एक विद्यार्थी निघाला तर मी त्याचा सत्कार करीन.

*

कमिटीचे अध्यक्ष, सगळे त्यांना सदरसाहेब म्हणतात, त्यांचं टायरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. त्यांचा स्वतःचा नातू इथेच शिकतो. एक दिवस ते अचानक आले आणि हाफिजसाहेबांच्या पाठीमागून सलाम केला. हाफिजसाहेबांना पत्ता नाही.

पण चाळीस पोरांना होता! "वालेकुम सलाम!" अशी एकमुखाने गर्जना झाली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. एवढा आवाज झाल्यावर हाफिजसाहेबांनीही वळून पाहिलं, "अरे, सदरसाब! आइए, आइए."

सदरसाहेबांनी टायरचं दुकान काही डोळे मिटून चालवलं नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं. "वाघमारे सर, खरं सांगा. हाफिजसाहेबाले ऐकू येते का?"

मी म्हटलं, "आवाज येते."

"मी पोट्टा नाही, सर."

मग तेच पुढे म्हणाले, "मलेबी वाईट वाटते. पण ऐकणाराच ऐकत नसंन तर पोट्ट्यांचं चुकीचं पाठ होईल. जवाबदारी कोणाची?" माणूस बरोबरच बोलत होता. "रमजानच्या आधी परीक्षा असते. निजामाबादहून मौलाना येतात. त्यायलेच पाहू द्या. थे म्हणतीन तसं. नवा उस्ताद पाहाचा, तर पाहू."

तासाभरात ही बातमी पोरांपर्यंत पोचली. कशी ते विचारू नका. मी काही बोललो नाही. फक्त जुनैदला म्हटलं, "कुणाले सांगू नको."

*

आता परीक्षेचं.

पाच पोरं म्हणून दाखवणार, पहिला जुनैद. मौलाना समोर प्रत उघडून बसणार, कुठूनही एक ओळ वाचणार, आणि पोराने तिथून पुढे म्हणायचं. उस्तादाने आपल्या बाकाशी बसून नेहमीसारखं ऐकायचं. पोरगा चुकला आणि बोट वाजलं नाही, तर हाफिजसाहेबांचा निकाल तिथेच लागणार होता.

पोरांनी योजना केली. मोईन मौलानांच्या पाठीमागे बसेल, हाफिजसाहेबांच्या बरोबर नजरेसमोर. म्हणणारा चुकला की मोईन नाक खाजवेल, आणि हाफिजसाहेब टक करतील. योजना मला कळली. मी मास्तर माणूस, मी विरोध करायला हवा होता. मी फक्त म्हटलं, "नाक नको रे. सर्दी झाली समजून मौलाना तुले बाहेर पाठवतीन. कान खाजव."

परीक्षेचा दिवस आला. मौलाना बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. सदरसाहेब भिंतीशी खुर्चीत. मी दाराशी. मोईन आपल्या जागी, दोन्ही हात मांडीवर, डोळे आणखीनच मोठे. हाफिजसाहेब येऊन बाकाशी बसले. त्यांनी मोईनकडे पाहिलं. जागा पाहिली. क्षणभर त्यांच्या दाढीत हसू आल्यासारखं वाटलं मला.

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले! पहिल्या दिवशी मी पाहिले होते तसे, शांत, हात बाकावर. पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. मोईनने आता कान खाजवला काय आणि नाक ओढलं काय, बघणार कोण?

मौलानांनी मधूनच एक ओळ वाचली. जुनैद सुरू झाला. काय म्हणत होता पोरगा! मला अरबीतलं एक अक्षर कळत नाही, पण हातातलं पेन मी खिशात ठेवलं. मौलानांचं बोट ओळीवरून सरकत होतं, जुनैद पुढे, बोट त्याच्या मागे. एक पान झालं. दुसरं झालं. मोईनचे हात मांडीवरच. चूक नाही!

तिसऱ्या पानावर बोट वाजलं. टक!

मौलानांचं बोट थांबलं. ते मागच्या ओळीवर गेलं, पुन्हा तिथेच आलं. त्यांनी चष्म्यावरून हाफिजसाहेबांकडे पाहिलं. हाफिजसाहेबांचे डोळे मिटलेलेच. मी मोईनकडे पाहिलं. त्याचे हात मांडीवर, आणि तोंड रडवेलं झालेलं. जुनैद चुकलाच नव्हता! ती त्याची नेहमीची घसरायची जागा होती, हे मोईनने मला नंतर सांगितलं. वर्षभर तो तिथेच चुकायचा, आणि हाफिजसाहेबांच्या बोटाला तिथे वाजायची सवय झाली होती. त्या दिवशी मात्र बरोबर म्हणाला होता.

हा जुनैद म्हणजे माझ्याशी अर्ध्या मार्कासाठी तीन दिवस भांडलेला पोरगा. पेपर घेऊन माझ्या घरी आलेला, बायकोला पंच करणारा! आणि ही परीक्षा त्याच्या तीन वर्षांच्या मेहनतीची होती. टक म्हणजे चूक, आणि चूक कागदावर लागते. मला वाटलं, आता हा तोंड उघडणार. "हजरत, मैं सही पढा" एवढंच म्हणायचं होतं. मौलानाही त्याचीच वाट बघत होते.

जुनैद थांबला. मान खाली घातली. एक ओळ मागे गेला आणि तीच ओळ, तशीच, अक्षरही न बदलता, पुन्हा म्हणून पुढे निघाला.

बाकीच्या चौघांच्या वेळी बोट वाजलं नाही. वाजायचं कारणही नव्हतं. कुणी चुकलंच नाही.

जेवताना सदरसाहेबांनी मौलानांच्या ताटात वाढता वाढता विचारलं, "तो मौलाना, नया उस्ताद ढूँढूँ?"

मौलानांनी घास संपवला. "कान की मशीन ढूँढो, सदरसाहब. उस्ताद तो है तुम्हारे पास."

सदरसाहेबांनी मौलानांना आणखी एक पोळी वाढली. मला तर उठून नाचावंसं वाटलं. पण पायात पोरं होती.

बाहेर नळावर जुनैद हात धूत होता. माझ्याने राहवलं नाही. त्याला धरलं आणि विचारलं, "काऊन रे? माझ्याशी अर्ध्या मार्कासाठी भांडते, अन् आज बरोबर म्हणून राह्यला होता तर मागं काऊन गेला?"

जुनैदने नळ बंद केला. एवढी साधी गोष्ट गणिताच्या मास्तरला कळत नाही, असं माझ्याकडे पाहिलं.

"हजरत खटखटाए ना, सर!"